यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण किती?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



बहिणींनो आणि भावांनो, मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गोदामात आणि कारखान्यात माल इकडून तिकडे नेणाऱ्या, आपल्या आपण चालणाऱ्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे नातेवाइकांच्या लग्नात गेलो तरी मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, आमच्या नोकऱ्या जाणार का? दुसरा, ही यंत्रं एक दिवस आपल्यावर राज्य करणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सिनेमावाल्यांवर सोडून देतो. पहिल्या प्रश्नाकडे भाषणाच्या शेवटी येणार आहे, कारण तो खरा आहे आणि आपल्या वस्तीतल्या घराघरांत तो आहे.

पण त्याआधी एक तिसरा प्रश्न आहे, जो सहसा कुणी विचारत नाही. यंत्राच्या जोडीनं काम करायची वेळ आली, तर त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? आणि कशाच्या आधारावर?

आपल्याला वाटतं, विश्वास जितका जास्त तितकं चांगलं. माणसांच्या बाबतीतसुद्धा हे खरं नाही. नव्यानं आलेल्या शिकाऊ मुलाला गॅरेजचा उस्ताद पहिल्याच दिवशी इंजिन उघडायला देत नाही. आधी पाना दे, मग ऑइल बदल, मग ब्रेक. जेवढं काम त्याला जमतं, तेवढाच विश्वास. त्याहून जास्त ठेवला तर गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात. त्याहून कमी ठेवला तर पोरगा दहा वर्षं पानाच देत बसेल. यंत्राचंही असंच आहे.

१९९७ साली राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली या दोन संशोधकांनी एक निबंध लिहिला. माणूस स्वयंचलित यंत्राशी चार प्रकारे वागतो, असं त्यांनी मांडलं. एक, योग्य वापर. दोन, गरजेपेक्षा जास्त भरवसा टाकून केलेला वापर. तीन, उपयोगी असूनही यंत्राकडे केलेलं दुर्लक्ष. तिसऱ्याचं उदाहरण तुमच्या सोसायटीत रात्री दोन वाजता मिळेल. कुणाच्या तरी गाडीचा अलार्म कोकलत असतो आणि एकही खिडकी उघडत नाही. इतक्या वेळा तो उगाच वाजलेला असतो की खरा चोर आला तरी कुणी उठणार नाही. चौथा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र बनवणारे आणि ते कामावर आणणारे मालक, त्याच्यासोबत काम करणाऱ्या माणसाचा विचारच न करता ते त्याच्यावर लादतात. पहिल्या तिन्हींत वागणं वापरणाऱ्याचं असतं. चौथ्यात ते वरच्यांचं असतं.

जास्त भरवसा कुठपर्यंत जातो, याचा एक प्रयोग अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी केला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. लोकांना एका इमारतीत रोबोच्या मागे मागे एका खोलीपर्यंत जायला सांगितलं. निम्म्या लोकांसमोर हा रोबो वाट दाखवताना चुकला होता. थोड्या वेळानं खोटा धूर सोडला, आगीची घंटा वाजवली. बाहेर पडायचा रस्ता दाखवायला तोच रोबो उभा. सव्वीस माणसं होती. सव्वीसच्या सव्वीस त्याच्या मागे गेली. काही मिनिटांपूर्वी ज्याची चूक डोळ्यांनी पाहिली, त्याच्याच मागे. घाबरलेला माणूस, ‘याला माहीत असेल’ असा चेहरा करून जो पुढे उभा असतो त्याच्या मागे जातो. मग तो रोबो असो की पुढारी.

आता एका खऱ्या अपघाताविषयी सांगतो. इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं तो अभ्यासावा असं मला वाटतं.

१८ मार्च २०१८. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टेम्पी हे शहर. रात्रीचे दहा वाजत आले होते. उबर कंपनीची चाचणीवरची स्वयंचलित गाडी रस्त्यावर होती. ४९ वर्षांची एक बाई हातात सायकल धरून, पायी, रस्ता ओलांडत होती. जिथून ओलांडत होती तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. गाडीनं तिला धडक दिली आणि ती गेली. रस्त्यावरच्या पादचाऱ्याचा स्वयंचलित गाडीच्या धडकेनं मृत्यू होण्याची ही पहिली नोंदलेली घटना.

सगळ्यांनी विचारलं, गाडीला ती दिसली नाही का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं चौकशी केली. उत्तर असं निघालं की दिसली होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच गाडीच्या रडारनं तिला टिपलं होतं. एवढ्या वेळात गाडी थांबू शकते. पण समोर जे आहे ते नेमकं कोण, हे सॉफ्टवेअरला ठरवता येईना. कधी ते म्हणे वाहन, कधी म्हणे इतर काही, कधी म्हणे सायकल. आणि प्रत्येक वेळी लेबल बदललं की आधीचा इतिहास पुसला जाई. म्हणजे ती कुठून आली, कुठे चालली आहे, हे गणित पुन्हा शून्यापासून. हे का झालं? कारण झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेली नव्हती.

मित्रांनो, ही गोष्ट मी या सभागृहात मुद्दाम सांगतो आहे. माणूस डोळ्यांसमोर आहे, पण आपल्या चौकटीत त्याच्यासाठी खाना नाही. मग त्याच्यावर एकामागून एक लेबलं लावायची, आणि प्रत्येक लेबलासोबत त्याचा इतिहास विसरायचा. हा अनुभव आपल्याला अनोळखी नाही. सॉफ्टवेअर हे आकाशातून पडत नाही. खोलीत बसलेल्या माणसांना जे सुचतं ते त्यात येतं, आणि जे सुचत नाही ते राहून जातं. भिवंडीत, मालेगावात किंवा मोमिनपुऱ्यात वाढलेला एखादा मुलगा किंवा मुलगी त्या खोलीत असती, तर पहिल्याच बैठकीत विचारलं असतं, “साहेब, आमच्याकडे तर सगळेच असा रस्ता ओलांडतात. त्यांचं काय?”

या अपघाताची दुसरी बाजूही आहे. गाडीत देखरेखीसाठी एक चालक बसवलेली होती. चौकशीत दिसलं की ती बराच वेळ फोनवर कार्यक्रम पाहत होती. चूक तिची होतीच. पण कंपनीनं आधी प्रत्येक गाडीत दोन माणसं ठेवली होती, अपघाताच्या काही महिने आधी त्यातला एक कमी केला. व्होल्वोच्या त्या गाडीत मुळात स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोय होती, ती स्वयंचलित चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. खोट्या इशाऱ्यांमुळे गाडी उगाच ब्रेक मारू नये म्हणून धोका दिसल्यावरही एक सेकंद थांबायचं, अशी योजना सॉफ्टवेअरमध्ये होती. आणि चालकानं लक्ष ठेवलं की नाही, हे कंपनी नीट तपासत नव्हती. मंडळानं चालकासोबत कंपनीच्या सुरक्षेविषयीच्या ढिलाईवरही ठपका ठेवला.

कोर्टात मात्र काय झालं? २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी गुन्हा बसत नाही. चालकावर बसला. २०२३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला, तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. मॅडेलिन क्लेअर एलिश नावाच्या अभ्यासिकेनं अशा प्रकाराला एक चपखल उपमा दिली आहे. मोटारीचा पुढचा भाग असा बनवतात की टक्कर झाली तर तो चेपतो आणि आतला माणूस वाचतो. मोठ्या स्वयंचलित यंत्रणेत त्या चेपणाऱ्या पत्र्याची जागा सर्वांत खालच्या माणसाला मिळते. दोष तो झेलतो, यंत्रणा आणि तिचे मालक शाबूत राहतात. ड्रायव्हर, ऑपरेटर, वॉचमन अशा जागांवर आपली माणसं जास्त असतात. म्हणून ही उपमा लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा की चांगल्या चालकानं तरी लक्ष ठेवलं असतं का? खरं सांगायचं तर फार वेळ नाही. तासन्‌तास काहीच न करता फक्त नजर ठेवणं माणसाला जमत नाही. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे १९८३ सालीच लिहून ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की सोपं काम आपण यंत्राला देतो आणि यंत्राला न जमणारं अवघड काम माणसाकडे ठेवतो. पण रोजचं काम सुटल्यामुळे माणसाचा हात मोडतो, सवय जाते. मग संकटाच्या क्षणी, ज्याचा सराव सुटला आहे त्याच्याकडून आपण सर्वांत कठीण काम मागतो.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. २२८ माणसं गेली. बाहेरच्या वेगमापक नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलटनं काम सोडून दिलं. रात्रीच्या अंधारात अचानक विमान वैमानिकांच्या हातात आलं. नेमकं काय बिघडलं हे त्यांना समजलं नाही, नाक वर ओढलं गेलं, विमानाचा तोल गेला. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. त्या नळ्या पुन्हा लवकरच नीट चालू झाल्या होत्या. पण तोपर्यंत माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद तुटला होता.

मोटारींच्या बाबतीत हाच धोका आहे. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. दुसऱ्या पायरीपर्यंत गाडी स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळते, पण जबाबदारी आणि नजर चालकाचीच. तिसऱ्या पायरीवर गाडी स्वतः चालते, मात्र हाक मारली की चालकानं तयार असायला हवं. चौथ्या पायरीवर ठरावीक भागात चालकाची गरजच नाही. अमेरिकेत वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सी अशा धावतात. गोंधळ होतो तो दुसऱ्या पायरीवर. गाडी इतकी छान चालते की चालकाला वाटतं, आपण चौथ्या पायरीवर आहोत. त्यात कंपनीनं त्या सोयीचं नाव ‘ऑटोपायलट’ ठेवलं होतं. टेस्लाला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, ते चालकाचं लक्ष आहे की नाही यावरची देखरेख कडक करण्यासाठी. भारतात आता मिळणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये लेन सांभाळणारी, आपोआप ब्रेक मारणारी सोय असते. घरात कुणी अशी गाडी घेतली तर त्यांना एवढं सांगा, ही मदतनीस आहे, ड्रायव्हर नाही.

मग योग्य विश्वास तयार होतो कसा? जॉन ली आणि कॅटरिना सी या संशोधकांनी २००४ मध्ये तीन आधार सांगितले. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. यंत्र काय करतं, कसं करतं आणि कशासाठी करतं. हे तिन्ही माहीत असेल तर विश्वास जागेवर बसतो. एक जरी लपवलं तरी तो एक तर फुगतो, नाही तर फुटतो.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. एका गोदामात आमच्या गाड्या आल्या. सुरक्षेत त्या चोख होत्या, माणूस आडवा आला की थांबायच्या. तरी कामगार त्यांच्यावर चिडलेले. तिथे पॅलेट लावणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी विचारलं, “चाचा, गाडी थांबते ना वेळेवर? मग त्रास काय?” ते म्हणाले, “थांबते, बेटा. पण का थांबली ते सांगत नाही. आणि कधी निघणार तेही सांगत नाही. मी तिच्यासमोरून जाऊ की नको?”

चाचांच्या एका वाक्यात ‘कसं’ आणि ‘कशासाठी’ दोन्ही आलं होतं. आपल्या रस्त्यावर ट्रकवाला हात दाखवतो, डिपर मारतो, मान हलवतो, तेव्हा आपण रस्ता ओलांडतो. तो इशारा म्हणजे करार असतो. यंत्राकडे मान नाही, डोळे नाहीत. मग इशारा कुठून येणार? पुढे त्या गाड्यांना छोटा पडदा बसवला आणि त्यावर मराठीत, हिंदीत साधं वाक्य यायला लागलं, ‘समोर माणूस आहे, थांबलो आहे’, ‘डावीकडे वळणार’. वळायच्या आधी जमिनीवर निळा प्रकाश पडायला लागला. गाडीचं थांबणं आधीसारखंच होतं, ब्रेकही तेच. पण महिन्याभरात कामगार तिच्या बाजूनं निर्धास्त चालायला लागले, आणि ती कुठे अडखळते हे आम्हाला येऊन सांगायला लागले. ओल्या फरशीवर ती उशिरा थांबते, हे आम्हाला आमच्या नोंदींच्या आधी कामगारांनी सांगितलं. यालाच मी टीम म्हणतो. माहिती दोन्हीकडून वाहायला हवी.

यंत्र चुकल्यावर काय होतं, याचाही विचार करू. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी बाईला माणूस चालवत असलेल्या गाडीनं उडवलं आणि ती शेजारच्या लेनमधल्या क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीनं ब्रेक मारला, तरी धडक बसली. मग ‘अपघात झाला, आता बाजूला उभं राहावं’ असं ठरवून गाडी हलली, आणि खाली अडकलेली बाई सुमारे वीस फूट फरफटली. पहिला दोष माणसाचा होता, आणि तो पळून गेला. यंत्राचाही दोष होता. पण कंपनी बुडाली ती तिसऱ्या कारणानं. फरफटीची गोष्ट तिनं सरकारी यंत्रणांना सरळ सांगितली नाही. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियानं तिचा परवाना रोखला. पुढच्या वर्षी कंपनीनं खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून दंड भरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सनं त्या टॅक्सींचा खर्चच बंद केला. चुकलेल्या यंत्रावर लोक पुन्हा विश्वास ठेवू शकतात. लपवणाऱ्या कंपनीवर ठेवणं फार कठीण.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, नोकऱ्यांच्या. डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी नागपुरात सांगितलं, की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवून घर चालवणाऱ्या आपल्या भावांना यामुळे दिलासा वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण त्याच देशात डिसेंबर २०२० पासून दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर विनाचालक गाड्या सुरू झाल्या. बंद आवारात, गोदामात, बंदरात, कारखान्यात यंत्रं येतच राहतील. मंत्र्याच्या शब्दानं आपल्याला वेळ मिळतो. तो वेळ कसा वापरायचा हे आपण ठरवायचं.

मला तीन कामं दिसतात.

पहिलं काम शिकण्याचं, आणि त्याला इंजिनिअरिंगची डिग्रीच लागते असं नाही. नव्या गाड्यांच्या पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, नाही तर गाडीला लेन तिरकी दिसते. हे काम येणारा मेकॅनिक उद्या प्रत्येक शहरात लागेल. आपल्या गॅरेजमधल्या किती मुलांना हे माहीत आहे? शाळा सुटलेल्या मुलाला आयटीआयपर्यंत न्या. मुलगी गणितात हुशार असेल तर तिला बारावीनंतर घरी बसवू नका. त्या खोलीत, जिथे सॉफ्टवेअर ठरतं, तिथे आपली मुलगी असली पाहिजे.

दुसरं काम प्रश्न विचारण्याचं. तुमच्या कारखान्यात यंत्र आलं तर विचारा, हे कशासाठी आणलं? ते कुठे चुकतं? ते बंद करायचा अधिकार माझ्या हातात आहे का? अपघात झाला तर नोंदी कुणाकडे राहतील, आणि त्या मला पाहता येतील का? लेखी उत्तर मागा. एकट्यानं विचारायची भीती वाटत असेल तर युनियनमार्फत विचारा. असा प्रश्न विचारणारा कामगार यंत्राचा शत्रू नसतो. चाचा शत्रू नव्हते.

तिसरं काम आपल्या मनावरचं आहे. आपल्याकडे यंत्राला घाबरणारे आहेत आणि मोबाइलवर आलेलं सगळं खरं मानणारेही आहेत, कधी कधी तर एकाच घरात. दोघांनीही तपासायचं सोडून दिलेलं असतं. यंत्र असो, बातमी असो, नेता असो की वक्ता, तो काय करतो, कसं करतो आणि कशासाठी करतो हे तपासा, आणि जेवढं सिद्ध झालं तेवढाच विश्वास ठेवा. मी आता जे बोललो तेही याच मापानं तपासा.

आता प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.